बरोबरीचं घर

वामनराव मास्तरांचं ‘पार’ या शब्दावरचं भाषण झुंबरबाईला पाठ झालं होतं. ती शिकली होती चौथीपर्यंत, पण ऐकून ऐकून कानाला घट्टे पडल्यावर काय होणार. सुलतानपूरच्या शाळेत ऐकलं, बीबीच्या कॉलेजात ऐकलं, शेगावला एका लॉजच्या हॉलात निवृत्त शिक्षकांचा मेळावा होता तिथं ऐकलं. नणदेच्या पोराच्या साखरपुड्यात पंगत बसायच्या बेतात असताना मास्तर उभे राहिले, तेव्हा भात निवता निवता ऐकलं.

मास्तर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि सुरू करायचे, की आपल्या गावात झाडाखाली पार असतो तसा लॅटिन भाषेतही एक पार आहे. त्याचा अर्थ बरोबरीचा. त्याच्यापासून इंग्रजीत पेअर झाला, म्हणजे जोडी. कम्पेअर झाला, म्हणजे दोघांना शेजारी उभं करून पाहणं. चेकवर ‘ॲट पार’ छापतात तोही हाच. क्रिकेटमधला अंपायर सुद्धा याच घरातला. मूळ शब्दाचा अर्थ जोडीत नसलेला, आपण तिऱ्हाईत म्हणतो तो. आणि सगळ्यांत गोड शब्द म्हणजे पिअर, आपल्या तोडीचा माणूस. गंमत अशी, की इंग्लंडात पुढं हाच शब्द सरदारांना लावू लागले. इथं मास्तर थोडं थांबत. समोर देवानंद सर बसलेले असले तर त्यांच्याकडे हात करून म्हणत, “जसे हे माझे पिअर.” मग टाळ्या.

गावच्या पारावर बाई बसलेली झुंबरबाईनं जन्मात पाहिली नव्हती. ते भाषणात येत नसे.

नवऱ्याचा तिला राग यायचा तो काळ कधीच सरला होता. थोरली पुष्पांजली पाळण्यात होती तेव्हा यायचा. मास्तर शाळेतून येऊन स्त्री-पुरुष समानतेवर निबंध तपासत बसायचे आणि पोर रडली की नुसती मान वळवून आतल्या दाराकडे पाहायचे. पुढं पुढं राग यायचाही थांबला. घरात एखादं जुनं कपाट असतं, कामाचं नसतं, हलवायलाही जड, आपण त्याला वळसा घालून जातो. तशी ती मास्तरांना वळसा घालून वागे. चाळीस एकरांची शेती ती बघायची. बायांची रोजी, सोयाबीनची काढणी, फवारणीचा टाइम, सगळं तिच्या डोक्यात. कोणी पाव्हणा विचारी, मास्तर, यंदा तूर कुठं टाकली, की मास्तर तिच्याकडे पाहत. मग ती सांगे, आणि मास्तर मान डोलावून तेच पुन्हा सांगत, जरा शुद्ध भाषेत.

आणि ते भाषणही त्यांचं नव्हतंच. देवानंद सर त्यांच्याच शाळेत इंग्रजी शिकवायचे. मास्तर हेडमास्तर, देवानंद सर त्यांच्या हाताखाली. एका वर्षी दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले आणि तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून शब्दांच्या कुळकथांचा एक जाडजूड कोश घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी तो बगलेत मारून मास्तरांच्या ओसरीवर हजर. पोरानं नवा भोवरा दाखवावा तसं एकेक पान उघडून दाखवत होते. झुंबरबाई आत दाराशी तूरडाळ पाखडत होती, तिनं सगळं ऐकलं. पुढच्या महिन्यात शाळेच्या गॅदरिंगला मास्तर बोलायला उभे राहिले आणि ओसरीवरचं सगळं जसंच्या तसं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. देवानंद सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा उशिरा.

तेव्हापासून झुंबरबाई या दोघांकडे बारकाईनं पाहू लागली. स्टेजवर मास्तर म्हणत, “देवानंद सर, आपण या.” ओसरीवर म्हणत, “देवा, तू असं कर.” देवानंद सर दोन्हीकडे ‘सर’च म्हणत. चहाला बोलावणं जाई, पेपर तपासायला बोलावणं जाई. जेवायला कधी गेलं नाही. पुष्पांजलीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टकांनंतर इंग्रजीत सुंदर शुभेच्छा दिल्या आणि मास्तरांनी त्यांना मांडवाच्या दारापर्यंत पोचवलं, पंगतीच्या आधी, मोठ्या आदरानं.

मुलाच्या, हर्षलच्या, लग्नाचं पाहायला लागले तेव्हा मास्तरांचा तोरा काही औरच होता. स्थळं घरी चालून येत. एका मुलीच्या बापाला सहाच एकर, म्हणून नको. एक मुलगी शिकलेली, दिसायला चांगली, पण बाप एसटीत कंडक्टर. मास्तर म्हणाले, घर बरोबरीचं पाहिजे. एकीचं कूळ त्यांना हलकं वाटलं, एकीचा मामा पटला नाही. असं करता करता वारं फिरलं. आता मुलींनाच शेतकरी नको झाला. पुण्यात कंपनीत कसलीही नोकरी असली तरी चालेल, पण वावरातला नको. ज्यांना मास्तरांनी ओसरीवरूनच वाटेला लावलं होतं ते आता फोन उचलेनात. मध्यस्थी करणारा रंगराव सुद्धा दिसला की गाडी दुसऱ्या गल्लीत घालू लागला. हर्षलची तिशी उलटून गेली, केस विरळ झाले.

पोरगा मात्र खचला नव्हता. लोणार रोडच्या वावरात त्यानं सावलीच्या जाळीचे दोन शेडनेट उभे केले होते आणि बियाण्याच्या कंपनीसाठी मिरचीचं बी घेत होता. कृषी खात्याकडून अनुदानासाठी शेडनेट मोजायला जी बाई आली ती देवानंद सरांची मुलगी महामाया. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं की नेटची दिशा चुकली आहे आणि कागदही अर्धवट आहेत, असं चालणार नाही. हर्षलनं मुकाट्यानं खांब काढून पुन्हा रोवले. कामावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. झुंबरबाईलाही हसू आलं होतं, कारण हर्षल कोणाचं ऐकणाऱ्यातला नव्हता.

म्हणून एका सकाळी शेडनेटमध्ये परागीकरण झालेल्या फुलांना ओळखीसाठी लाल लोकरीचा धागा बांधता बांधता हर्षल म्हणाला, “आई, मले महामायासंग लग्न कराचं हाय,” तेव्हा ती चकित झाली असं म्हणता येणार नाही. पण भीती वाटली, आणि ती तिनं स्वतःपासून लपवली नाही. चिखलीचा भाऊ डोळ्यांपुढं आला. त्याच्या घरच्या बायांचे चेहरे आले. आपण आता कोणाच्या दारात हळदीकुंकवाला जाऊ शकू आणि कोणाच्या नाही, याची मनातल्या मनात मोजदादही होऊन गेली. तिनं एका फुलाला धागा बांधला, दुसऱ्याला बांधला.

“तुया बापाले सांगतलं?” तिनं विचारलं.

हर्षल म्हणाला, त्यांना काय सांगायचं, ते तर समतेवर भाषण देतात. त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. बापाला इतका चांगला समजणारा पोरगा पाहून झुंबरबाईला आपल्या भीतीचीच लाज वाटली. मास्तर काय करतील हे तिला पुरतं ठाऊक होतं. आणि मास्तर जे करतील तेच आपण केलं तर आपल्यात आणि त्यांच्यात काय उरलं, या विचारानं तिला एकदम ओशाळल्यासारखं झालं. तू गावातल्या कोणाहीसारखी, असं कोणी म्हटलेलं तिला चाललं असतं; मास्तरांसारखी म्हटलेलं चाललं नसतं.

मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला जरा तरी बरं वाटलं असतं. त्यांनी भाषणाचा आवाज काढला. तत्त्वतः माझा विरोध नाही, ते म्हणाले. पण समाज अजून तयार नाही, आणि मुलीचे हाल होतील, मला त्या मुलीची काळजी वाटते. तत्त्वतः हा शब्द त्यांनी त्या संध्याकाळी इतक्या वेळा वापरला की हर्षल शेवटी ताटावरून उठून गेला. मग मास्तरांनी ठरवलं, की देवानंदलाच भेटावं. तो समजूतदार आहे, आपला शब्द पडू देणार नाही, पोरीला तोच आवरेल. बरोबर झुंबरबाईनं यावं. बाईमाणूस असलं की बोलणं वर चढत नाही.

बीबीला देवानंद सरांचं घर बाजारापासून आत, दुमजली. झुंबरबाई पहिल्यांदाच येत होती. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, एक भिंतभर पुस्तकं. पुण्यात इंजिनिअर असलेल्या मुलाचं, प्रसेनजितचं, पदवीचं छायाचित्र. जनकाबाई, देवानंद सरांची बायको, पाणी घेऊन आली, आणि पाठोपाठ पोहे. मास्तरांनी प्लेट हातात घेतली, टीपॉयवर ठेवली आणि ॲसिडिटीचं सांगितलं. झुंबरबाईनं सकाळीच त्यांना कांदाभजी खाताना पाहिलं होतं. तिनं आपली प्लेट उचलली आणि खायला सुरुवात केली.

मास्तर बराच वेळ बोलले. जुने दिवस काढले, शाळा काढली, ‘आपण दोघं पिअर’ हेही काढलं. मग हळूच वळणावर आले. मुलं लहान आहेत, भावनेच्या भरात आहेत. माझं मन मोठं आहे पण माझ्या भाऊबंदांचं नाही. देवा, तू वडील म्हणून तिला समजावलंस तर दोन्ही घरांची अब्रू राहील.

देवानंद सर मान खाली घालून ऐकत होते. मास्तर थांबल्यावर म्हणाले, “मी तिला आधीच नाही म्हटलं आहे.”

मास्तरांचा चेहरा खुलला. त्यांनी पोह्यांची प्लेट सुद्धा उचलली. तुझ्याकडून हीच अपेक्षा होती, समाजाची नाडी तुला कळते, असं काहीसं ते म्हणाले.

“समाजाचं नाही,” देवानंद सर म्हणाले. “मला ते स्थळ पसंत नाही.”

मास्तरांना आधी कळलंच नाही. कोणतं स्थळ, असं त्यांनी विचारलंही.

“तुमचं. हर्षल चांगला मुलगा आहे, कष्टाळू आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मुलगी नुसती मुलाला देत नाहीत आपल्याकडे, घरात देतात. तुमच्या घराची मी इतकी वर्षं ओसरी पाहिली. आत कसं आहे ते मला माहीत नाही, कारण आत मला कोणी कधी बोलावलं नाही. न पाहिलेल्या घरात मी पोर कशी देऊ? बरोबरीचं घर नाही ते, वामनराव.”

सर नाही, मास्तर नाही, वामनराव. जनकाबाईनं पाण्याचा पेला झुंबरबाईपुढं सरकवला.

मग जे झालं ते झुंबरबाईला पुढं कित्येक दिवस आठवलं की एकटीलाच हसू फुटे, आणि हसू ओसरलं की तोंड कडू होई. जो माणूस सोयरीक मोडायला आला होता तो आपली सोयरीक नाकारली म्हणून लालबुंद झाला. चाळीस एकर ओलितासकट त्यांनी मोजून दाखवली. पणजोबांना कोणत्या गावची पाटीलकी होती ते सांगितलं. कोणाकोणाची स्थळं आपण नाकारली याची यादी दिली, जणू नाकारलेल्या मुली म्हणजे घराण्याची दौलत. हर्षलला मुलगी मिळत नाही ही गोष्ट ते साफ विसरले होते. शेवटी इंग्रजीवर गेले आणि म्हणाले की हे बोलणं डिस्परेजिंग आहे.

“शब्द बरोबर वापरला,” देवानंद सर म्हणाले. वर्गात एखाद्या मुलाला सांगावं तसा त्यांचा आवाज होता. “डिस्परेज हाही त्याच पारच्या घरातला. आता त्याचा अर्थ तुच्छ लेखणं. जुन्या फ्रेंचमध्ये अर्थ होता आपल्यापेक्षा खालच्या घरात लग्न लावणं. ते पान मी तुम्हाला ओसरीवर वाचून दाखवलं होतं. बाकी सगळे शब्द भाषणात घेतले तुम्ही, तेवढा एक गाळला. मला वाटायचं, विसरला असाल.”

झुंबरबाईला ती ओसरी आठवली, त्या पानापाशी मास्तर घसा खाकरून चहा सांगायला आत वळले होते तेही आठवलं. म्हणजे विसरले नव्हते.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली आणि महामाया आत आली. हेल्मेट काढून तिनं खुर्चीवर ठेवलं, चौघांकडे पाहिलं आणि काय चाललं असावं ते तिला कळलं. झुंबरबाईला वाटलं पोरगी आत जाईल. ती तिथंच बसली.

“बाबा, स्थळाचं काऊन बोलून राह्यले तुम्ही?” ती म्हणाली. “मी काही त्यांच्या घरात नाही जाऊन राह्यली. अन् हर्षल बी आपल्या घरी नाही येऊन राह्यला. इथंच मागच्या गल्लीत दोन खोल्या पाहिल्या आम्ही.”

देवानंद सरांनी तोंड फिरवलं. हे त्यांनाही मान्य नव्हतं हे दिसत होतं. मास्तर तत्त्वतः म्हणून काहीतरी बोलू लागले, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. झुंबरबाईनं रिकामी प्लेट खाली ठेवली.

“खोलीत पाणी येते का?” तिनं विचारलं.

“एक दिवसाआड,” महामाया म्हणाली. “टाकी ठेवाव लागन.”

“मग मोठी ठेवजा. हर्षलले आंघोळीले लय पाणी लागते.”

जनकाबाई पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहून हसली.

परत येताना गाडीत मास्तरांनी बीबी मागं पडू दिली. मग त्यांच्या तोंडून देवानंद सरांसाठी तो शब्द बाहेर पडला, जो कोणत्याही स्टेजवर येत नाही आणि ज्याला लॅटिनची गरज पडत नाही. झुंबरबाईनं तो शब्द त्यांच्या तोंडून आधीही ऐकला होता, दारं लावलेली असताना. तिनं काच खाली केली. तिला वाटलं होतं आपण भांडू. पण भांडायला समोर कोणी तरी लागतं, आणि शेजारच्या सीटवर तिला तसं कोणी दिसेना.

सुलतानपूर आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की लग्नाला ती जाणार आहे. मास्तर म्हणाले, लोक काय म्हणतील.

“तुमी त्या दिशी शेगावले जा,” ती म्हणाली. “दर्शन बी होईन.”

आणि ते खरोखर गेले. लग्न नोंदणीनं झालं. झुंबरबाईनं साक्षीदार म्हणून सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षराला वळण देत. देवानंद सर आले होते; मागं उभे राहिले, शेवटी हर्षलच्या खांद्यावर हात ठेवला, फार वेळ नाही. जेवायला सगळे हॉटेलात गेले. जनकाबाई आणि झुंबरबाई एकाच टेबलावर समोरासमोर बसल्या. बोलणं सुचत नव्हतं तेव्हा दोघींनी मिळून हॉटेलच्या भाजीला नावं ठेवली, आणि तेवढ्यावर बरं जमलं. चिखलीच्या भावानं फोन बंद केला. हळदीकुंकवाची दोन घरं तुटली. झुंबरबाईनं तुटतील म्हणून मोजली होती पाच. तीन उरली याचंच तिला नवल वाटलं.

मास्तर पुढचे काही महिने लोकांना सांगत राहिले, की पोरानं परस्पर केलं, आपल्याला विचारलं नाही. मग एका दिवशी मेहकरहून गुलाबराव आले. त्यांची एक संस्था होती, दरसाल कोणाचे ना कोणाचे सत्कार करायची. ओसरीवर बसून गुलाबराव गहिवरून म्हणाले की मास्तर, आम्ही तुमचं भाषण ऐकत होतो, पण तुम्ही ते घरात करून दाखवलं. यंदाचा समता गौरव तुमचाच.

झुंबरबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं मास्तरांचा चेहरा पाहिला. एक क्षण तो माणूस खरंच गोंधळला होता. त्या क्षणात ते म्हणू शकले असते, की अहो, मी तर शेगावला होतो. क्षण गेला. मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “कुठून तरी सुरुवात करावी लागते ना.” तिनं ट्रे खाली ठेवला. उद्या हा माणूस काय काय करू शकेल याचा तिला नीट अंदाज आला, एवढंच.

हर्षल आणि महामायाला बोलावणं गेलं. महामायानं सांगितलं, कामाचा दिवस आहे. हर्षलनं बापाचा फोनच घेतला नाही; बापाच्या भाषणांवरचा त्याचा भरवसा आता उरला नव्हता. देवानंद सरांना मास्तरांनी स्वतः फोन केला, ‘व्याही’ म्हणाले, ‘आपण’ म्हणाले. ते आले नाहीत. पत्रिकेवर सपत्नीक छापलं होतं म्हणून झुंबरबाई गेली.

मेहकरच्या हॉलात तिला स्टेजवर खुर्ची मिळाली. मास्तरांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आणि काचेचं सन्मानचिन्ह. भाषण तेच होतं. पण पिअरपाशी आल्यावर आता त्याला नवा शेवट होता. मी ठरवलं, मास्तर म्हणाले, की शब्दाची व्युत्पत्ती सांगून भागणार नाही, शब्द जगावा लागतो. मी मुलाला म्हणालो, बाळा, बरोबरीचं घर जातीत शोधू नको, माणसात शोध. समोरच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले. झुंबरबाई त्या बाईकडे पाहत राहिली. साडी चांगली होती तिची, शिकलेली दिसत होती, आणि तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं उत्साहानं माइक झुंबरबाईपुढं धरला. मातोश्रींनीही दोन शब्द बोलावेत. मास्तरांनी हसून मान हलवली, तिला बोलायची सवय नाही अशा अर्थानं. झुंबरबाईनं माइक हातात घेतला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा जड होता.

“पोराच्या लग्नाले हे आले नव्हते,” ती म्हणाली. “शेगावले गेले होते.”

मग कोणीतरी हसलं, आणि सगळा हॉल हसायला लागला. बाई मिश्किल दिसते, असं कोणी म्हणालं. गुलाबरावांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि माइक परत घेऊन म्हणाले, पाहिलं, आमच्या घरात बाईला किती बोलायचं स्वातंत्र्य आहे ते. पुन्हा टाळ्या. डोळे टिपणारी बाई आता हसता हसता डोळे टिपत होती.

झुंबरबाई खुर्चीवर बसली. खरं बोललं की काहीतरी होतं, असं तिला आजवर वाटत आलं होतं, म्हणून तर ती इतकी वर्षं बोलली नव्हती. आता तिनं समोरच्या रांगांवरून नजर फिरवली. मास्तरांसाठी जी तुच्छता तिच्या मनात होती ती तिथं बसलेल्या सगळ्यांना पुरून उरली असती.

मेहकरच्या स्टँडवर जालन्याची बस लागली होती. कंडक्टर आला तेव्हा मास्तर शालीची घडी नीट करत होते. तिनं पैसे काढून एक सुलतानपूर आणि एक बीबी मागितलं. मास्तरांना ऐकू गेलं नाही, ते काचेच्या सन्मानचिन्हावरचं आपलं नाव वाचत होते. सुलतानपूर आलं. ते नारळ, शाल, सन्मानचिन्ह सांभाळत उतरले आणि खाली उभं राहून तिच्या उतरण्याची वाट पाहू लागले.

“मी बीबीले जाऊन राह्यली,” तिनं खिडकीतून सांगितलं.

“कधी येशील?” त्यांनी विचारलं. मग, कंडक्टरनं घंटा मारल्यावर, “रात्रीचं जेवण?”

तिनं काच सरकवून घेतली.

बीबीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं दार उघडं होतं. पाण्याची निळी टाकी दाराजवळच होती, मोठी. हर्षल अजून वावरातून यायचा होता. महामाया नुकतीच कामावरून आली होती, ओट्याशी भाकरीचं पीठ काढत होती. सासूला दारात पाहून तिच्या कपाळावर आठी पडली.

“आई, फोन तं कराचा. मी दोघाचंच पीठ घेतलं.”

“मंग अजून घे,” झुंबरबाई म्हणाली आणि पाय धुवायला टाकीकडे गेली. महामायानं मागून विचारलं, कार्यक्रम कसा झाला. झुंबरबाईनं पाय धुता धुता सांगितलं, स्टेजवर ती काय बोलली ते.

“मंग? लोक काय म्हणले?”

“टाळ्या वाजोल्या.”

महामाया थांबली. पीठ लागलेल्या हातानं तिनं कपाळावरचे केस मागं सारले. तिला हसू आलं नाही, वाईट वाटल्यासारखंही दिसलं नाही. ती डब्याकडे वळली आणि पिठाची आणखी एक ओंजळ परातीत टाकली. झुंबरबाई आत आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली की सरक, भाकरी मी थापते, तू चूल, नाही, ते गॅसचं पाहा. महामाया सरकली नाही. म्हणाली, आज मी थापते, तुम्ही वांगे चिरा.

झुंबरबाईनं विळी शोधली. विळी नव्हती, चाकू होता. ती खाली बसली आणि चाकूनं, सवय नसल्यामुळं जरा वेडेवाकडे, वांगी चिरायला लागली.